तांब्याच्या हंड्यातलं सूप आणि दोन तास उकडलेली गाजरं : बीटनबाईंच्या सदराचा प्रकरण अभ्यास

१८५७ साली लंडनमधल्या एका मासिकाला स्वयंपाक आणि घरकामाच्या सदरासाठी लिहिणारं माणूस हवं होतं. ते मालकाच्या घरातच सापडलं. मासिक ‘द इंग्लिशवूमन्स डोमेस्टिक मॅगझिन’, मालक सॅम्युएल बीटन, आणि लिहिणारी त्याची बायको इझाबेला. तिचं वय एकवीस. लग्नाला वर्ष पुरं व्हायचं होतं, पहिलं बाळ होऊ घातलं होतं, आणि स्वतःचं घर चालवण्याचा अनुभव जेमतेम काही महिन्यांचा. घर कसं चालवावं हे तिने हजारो बायकांना सांगायचं होतं.

पुढे या सदरातून १८६१ साली ‘बुक ऑफ हाउसहोल्ड मॅनेजमेंट’ हे पुस्तक झालं, आणि हीच बाई ‘मिसेस बीटन’ या नावाने इंग्लंडमधल्या घरसंसाराची शेवटची अधिकारवाणी ठरली. ज्याला विषयाचा अनुभव नाही त्याने सल्ल्याचं सदर कसं उभं केलं, त्यातलं काय टिकलं, काय फसलं आणि का, एवढ्यापुरतंच हे प्रकरण इथे तपासलं आहे.

हाताशी काय होतं

अनुभव नव्हता, पण बाई अगदीच कोऱ्या नव्हत्या. इझाबेला मेसन यांचा जन्म १४ मार्च १८३६चा. वडील लवकर वारले. आईने हेन्री डॉरलिंग या विधुराशी लग्न केलं. डॉरलिंग एप्सम रेसकोर्सचे क्लार्क ऑफ द कोर्स, म्हणजे शर्यतींचा सगळा कारभार पाहणारे. दोन्हीकडची आधीची आणि नंतरची धरून घरात एकवीस मुलं झाली. त्यातली बरीचशी एप्समच्या ग्रँडस्टँडमध्येच वाढली. शर्यती नसतील तेव्हा ती प्रचंड इमारत रिकामीच असे. इझाबेला मुलींमध्ये थोरल्या. भाजी फोडणीला कशी टाकावी हे त्यांना फारसं माहीत नसेल, पण वीस जणांचं जेवण, अंघोळ आणि झोप एकामागून एक कशी उरकावी हे त्या लहानपणापासून पाहत होत्या. सदराची मांडणी पाहिली की ही सवय ओळखू येते.

दुसरी शिदोरी जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या शाळेची. तिथे जर्मन आणि फ्रेंच आलं, पेस्ट्री करण्याची गोडी लागली, आणि परतल्यावर एप्समला त्यांनी त्याचे धडेही घेतले. मासिकात त्यांचं पहिलं काम होतं फ्रेंच कथांचं भाषांतर. स्वयंपाकाचं सदर पाठोपाठ आलं.

तिसरी गोष्ट म्हणजे वाचक. मासिक १८५२ साली सुरू झालं, किंमत दोन पेनी. त्या काळी बायकांची मासिकं महाग असत, हे मुद्दाम स्वस्त ठेवलं होतं. गिऱ्हाईक होती नव्याने शहरात आलेली, आईपासून लांब राहणारी मध्यमवर्गीय गृहिणी. तिची ऐपत किती, हे बाईंच्याच पुढच्या पुस्तकातल्या कोष्टकावरून कळतं. वर्षाला हजार पौंड मिळकत असेल तर स्वयंपाकीण, दोन मोलकरणी, मुलांची आया आणि एक गडी. दीडशे ते दोनशे पौंड असेल तर सगळ्या कामाला मिळून एकच मोलकरीण, आणि अधूनमधून एखादी पोरगी. सदराच्या बहुतेक वाचक या खालच्या ओळीतल्या. त्यांच्या हाताखाली एकच मुलगी, आणि ती बहुधा मालकिणीइतकीच अडाणी.

सल्लागाराला मिळालेला सल्ला

सुरुवातीलाच बाईंनी ओळखीतल्या मिसेस इंग्लिश यांना विचारलं. त्यांचं उत्तर रोखठोक होतं. स्वयंपाक हे शास्त्र आहे, ते दीर्घ अनुभवाने आणि वर्षानुवर्षांच्या अभ्यासाने येतं, आणि तो अनुभव अर्थातच तुला नाही. तेव्हा चांगल्या चांगल्या पुस्तकांतून कृती वेचून एकत्र कर, निवडायला पुस्तकांचा काही तोटा नाही.

बाईंनी तोच सल्ला पाळला. यावरून त्यांच्यावर आजही उचलेगिरीचा आरोप होतो आणि तो खोटा नाही. एलायझा अॅक्टन यांच्या १८४५च्या पाकपुस्तकातून कितीतरी कृती नाव न घेता उचललेल्या आहेत. इतरांच्याही आहेत. वाचकांनी पत्राने पाठवलेल्या कृती हा आणखी एक झरा होता. आजाऱ्याच्या शुश्रूषेवरच्या भागात मात्र फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचं नाव घेऊन मजकूर दिला आहे. वैद्यकीय भाग एका अनुभवी शल्यवैद्याचा आणि कायद्याचा भाग एका सॉलिसिटरचा, हेही प्रस्तावनेत सांगितलं आहे. मुखपृष्ठानंतरच्या पानावर बाईंचा उल्लेख संपादक म्हणून आहे, लेखिका म्हणून नाही. लोकांनी ते लक्षात ठेवलं नाही, ही गोष्ट वेगळी.

खरं काम : साचा

मग बाईंनी स्वतःचं असं काय केलं? कृती लिहिण्याचा साचा बसवला, आणि तो नऊशेहून अधिक कृतींवर न कंटाळता चालवला.

त्याआधीच्या पाकपुस्तकांत कृती म्हणजे सलग परिच्छेद असे. मध्येच एखादा जिन्नस उगवायचा, ‘आदल्या रात्री भिजवलेलं’ असं अर्ध्या वाटेत कळायचं. अॅक्टनबाईंनी यात पहिली सुधारणा केली. त्यांनी जिन्नस, मापं आणि वेळ वेगळी काढून कृतीच्या शेवटी दिली. बीटनबाईंनी जिन्नसांची यादी उचलून वर नेली. त्यानंतर कृती, मग वेळ, अंदाजे खर्च, किती जणांना पुरेल आणि कोणत्या हंगामात करावं. शिवाय प्रत्येक परिच्छेदाला क्रमांक.

यादी वर नेल्याने काय होतं, ते एका मोलकरणीच्या घरात कळतं. मालकीण सकाळी फक्त वरच्या ओळी वाचून बाजाराची यादी करते, खर्चाची ओळ पाहून पदार्थ ठेवायचा की टाकायचा ते ठरवते, आणि ‘किती जणांना’ पाहून मापं वाढवते किंवा कमी करते. कृती नंतर मोलकरणीला वाचून दाखवली तरी चालते. एकाच कागदाचे दोन वापरणारे आहेत, आणि पैसे सांभाळणाऱ्या बाईला लागणारं सगळं तिला एका नजरेत मिळतं. क्रमांकामुळे ‘रस्सा अमुक क्रमांकाप्रमाणे’ एवढं लिहून भागतं, तीच गोष्ट दहा ठिकाणी छापावी लागत नाही.

‘चवीनुसार’ आणि ‘अंदाजाने’ हे शब्द ज्याच्या हाताला अंदाज आहे त्याच्याच कामाचे. बाईंच्या वाचकाकडे तो नव्हता, त्यांच्याकडेही नव्हता. सदराचं बळ बहुधा यातच असावं. ज्या प्रश्नांवर सुगरण थबकत नाही त्या प्रत्येक प्रश्नावर या थबकल्या.

जवळून पाहू : परोपकारी सूप

पुस्तकातली एक कृती मात्र निर्विवाद त्यांची स्वतःची आहे, १६५ क्रमांकाची. नाव साधारण असं : परोपकारासाठी उपयुक्त सूप. १८५८च्या हिवाळ्यात त्या पिनर या गावाजवळ राहत असताना दर आठवड्याला हे सूप करून गावातल्या डझनभर कुटुंबांना वाटत, अशी टीप खाली दिली आहे.

जिन्नस असे : बैलाच्या गालाचं मांस, गोमांसाचे स्वस्तात मिळणारे तुकडे सुमारे चार पौंड, थोडी हाडं, घरात असेल ते मांस उकडलेलं पाणी, पाव पेक (सुमारे सव्वादोन लिटरचं माप) कांदे, सहा लीक, सुगंधी पाल्याची मोठी जुडी, अर्धा अर्धा पौंड सेलरी, गाजर आणि सलगम, अर्धा पौंड जाडी तपकिरी साखर, अर्धा पाइंट बिअर, चार पौंड साधा तांदूळ किंवा सातू, अर्धा पौंड मीठ, एक औंस मिरी, पावाच्या भाजक्या कडेचा थोडा चुरा आणि दहा गॅलन पाणी. सेलरीच्या बाहेरच्या काड्या आणि हिरवे शेंडे चालतील, हेही कंसात आहे.

कृती : मांसाचे तुकडे करावेत, हाडं फोडावीत, पाण्यासह तांब्याच्या हंड्यात अर्धा तास शिजवावं. भाज्या चिरून साखर आणि बिअरसकट घालाव्या, चार तास उकळावं. सूप हवं त्याच्या दोन तास आधी तांदूळ आणि चुरा घालून नीट मिसळेपर्यंत ढवळत राहावं, मग मंद आच. फार आटलं तर थोडं पाणी. वेळ साडेसहा तास, खर्च क्वार्टला, म्हणजे पाव गॅलनला, दीड पेनी.

आता पडताळा. अर्धा, चार आणि दोन मिळून साडेसहा. वेळेची ओळ कृतीशी जुळते. पाणी दहा गॅलन, म्हणजे सुमारे पंचेचाळीस लिटर. टीप म्हणते तयार सूप आठ-नऊ गॅलन, छत्तीस ते एक्केचाळीस लिटर. उघड्या हंड्यात साडेसहा तास शिजून एवढं आटणं पटण्यासारखं आहे. मीठ सव्वादोनशे ग्रॅमच्या आसपास, म्हणजे लिटरला साडेपाच-सहा ग्रॅम. सुपाला सहसा आठ-दहा ग्रॅम लागतं, तेव्हा हे थोडं कमी वाटेल, पण मांस उकडलेल्या पाण्यात आधीचं मीठ असतंच. खर्च बत्तीस ते छत्तीस क्वार्टला अठ्ठेचाळीस ते चोपन्न पेनी, म्हणजे चार ते साडेचार शिलिंग. बारा घरांत वाटलं तर घरटी तीन लिटर आणि साडेचार पेनीच्या आत.

तांदूळ शेवटी का? चार पौंड तांदूळ सुरुवातीपासून टाकला तर त्याची खळ होते, ती तळाशी बसून करपते, आणि एवढ्या मोठ्या हंड्याला करपट वास लागला की सगळंच वाया. म्हणूनच तांदूळ घालताना ढवळत राहण्याची सूचना आणि नंतर मंद आच. हंड्याबद्दल एक वेगळी काळजी. असा हंडा घरात मुख्यतः कपडे उकळायला असे. बिनकल्हईच्या तांब्यात आंबट काही शिजवलं किंवा शिजवून तसंच ठेवलं की ते कळकतं. या सुपात आंबट म्हणण्यासारखं फक्त अर्धा पाइंट बिअर, तेही पंचेचाळीस लिटरमध्ये, त्यामुळे धोका कमी. तरी सूप हंड्यात रात्रभर ठेवण्यासारखं नव्हतंच.

ज्या कृतीचे सगळे आकडे असे एकमेकांना धरून असतात ती कुणीतरी खरोखर केलेली असते. उसनवारीच्या कृतींत हे दर वेळी सापडत नाही.

गाजरं आणि मॅकरोनी

मोठी गाजरं उकडायला वेळ : पावणेदोन ते सव्वादोन तास. पाइप मॅकरोनी दूध-पाण्यात शिजवायला : दीड ते पावणेदोन तास. हे दोन्ही आकडे १८६१च्या पुस्तकात आहेत आणि आज वाचणारा हसतोच.

काही बचाव करता येतो. बाजारातली गाजरं जुनी, जाड आणि दांडरलेली असत; कोवळ्या गाजरांना त्यांनी अर्धाच तास सांगितला आहे. शेगडी कोळशाची, आच एकसारखी नाही. कच्ची राहिलेली भाजी पोटाला बाधते ही त्या काळची समजूत. एवढं सगळं मान्य करूनही दोन तास फार होतात.

खरी गडबड मॅकरोनीच्या कृतीत नीट दिसते. ‘पुरती मऊ होईपर्यंत’ अशी खूण कृतीत आहे, आणि खाली वेळेच्या ओळीत आकडा आहे. म्हणजे एकाच कृतीत दोन सूचना. ज्याला अनुभव आहे तो खुणेवर जातो, दाबून बघतो आणि उतरवतो. ज्याला अनुभव नाही तो घड्याळ धरून बसतो, आणि हे सदर मुळात अशाच वाचकासाठी होतं. आकडा ठळक आणि वेगळ्या ओळीत असल्याने तो खुणेला हरवतो. साच्याची हीच ताकद इथे उलटली. वेळेची ओळ रिकामी ठेवता येत नाही म्हणून कुठून तरी आकडा येतो, आणि छापला की तो वजनदार दिसतो.

सगळ्या कृती करून पाहिल्यावरच छापल्या, अशी आख्यायिका आहे. हिशेब करून पाहावा. पुस्तकाचे मासिक भाग १८५९ ते १८६१ या काळात निघाले, एकूण चोवीस. नऊशेवर कृती म्हणजे महिन्याला सरासरी चाळीसच्या घरात. त्याच वेळी मासिकाचं संपादन, पॅरिसच्या फॅशन-चित्रांचे करार, आणि १८५९मध्ये जन्मलेलं दुसरं बाळ. प्रत्येक कृती स्वतः करून पाहणं शक्य नव्हतं, आणि गाजरं तेच सांगतात.

एक धोक्याची सूचना : चुन्याची निवळी

स्वयंपाकाबाहेरच्या सल्ल्यात हीच बाब जास्त गंभीर होते. धुण्याच्या भागात तेलकट फडक्यांसाठी कृती आहे : सहा क्वार्ट पाण्याला अर्धा पौंड कळीचा चुना, दोन तास उकळायचा, तळाशी बसू द्यायचा, वरची निवळ गाळून घ्यायची आणि त्यात फडकी रात्रभर भिजवायची.

हे काम करतं. चुन्याची निवळी तीव्र अल्कली असते, ती चरबी फोडते. प्रमाण पाहिलं तर लिटरला तेहतीस ग्रॅम चुना पडतो, आणि थंड पाण्यात विरघळतो लिटरला जेमतेम पावणेदोन ग्रॅम, गरम पाण्यात त्याहूनही कमी. म्हणजे बहुतेक चुना तळाशीच राहणार. चुना मोजण्यात थोडी चूक झाली तरी निवळी तेवढीच तीव्र होते. ‘निवळू द्या, गाळा’ ही पायरी मात्र चुकून चालत नाही. न विरघळलेला कण कापडात राहिला तर तिथे कापड कुजतं आणि पिळणाऱ्या हाताची कातडी सोलवटते.

दुसरं, कळीचा चुना पाण्यात टाकताना रटरटतो आणि उडतो. तो थोडा थोडा करून पाण्यात घालायचा असतो, चुन्यावर पाणी ओतायचं नसतं. डोळ्यात गेला तर इजा कायमची होऊ शकते. आजच्या घरात हा प्रयोग करायचं काहीच कारण नाही, धुण्याचा सोडा आणि गरम पाणी तेच काम करतं. त्या काळी मात्र हे वाचून करणारी बहुधा ती एकटी मोलकरीण असे. तिच्याबद्दल बाईंनी लिहिलं आहे की नोकरवर्गात खरी कीव करण्याजोगी हीच, तिचं आयुष्य एकाकी आणि काही घरांत तिचं काम कधी संपतच नाही. कीव खरी असेल, पण चुन्यात हात तिचेच.

विक्रीची बाजू

सदरातून पुस्तक करण्याची पद्धत सॅम्युएलची. तीन पेनीचा एक भाग दर महिन्याला. चोवीस भागांचे बहात्तर पेनी, म्हणजे सहा शिलिंग, दोन वर्षांत हप्त्याहप्त्याने. बांधीव पुस्तक ऑक्टोबर १८६१मध्ये आलं, साडेसात शिलिंगांना, १११२ पानांचं. पहिल्या वर्षात साठ हजार प्रती खपल्या. हप्त्यांचा आणखी एक फायदा झाला. भाग निघत असतानाच वाचकांची पत्रं आणि सूचना येत राहिल्या, आणि प्रस्तावनेत बाईंनी त्याबद्दल आभार मानले आहेत. एवढे कष्ट पडतील हे आधी ठाऊक असतं तर सुरुवात करायची हिंमतच झाली नसती, हेही तिथेच लिहिलं आहे.

घरचा हिशेब मात्र कडू होता. पहिला मुलगा १८५७मध्येच काही महिन्यांचा होऊन गेला. दुसरा १८६२च्या अखेरीस. तिसरा जगला. चौथ्याचा जन्म २९ जानेवारी १८६५ला झाला आणि बाळंतरोगाने ६ फेब्रुवारीला बाई गेल्या. वय अठ्ठावीस.

पुढच्याच वर्षी ओव्हरेंड गर्नी ही मोठी पेढी बुडाली आणि सॅम्युएलही बुडाला. त्याने सगळे हक्क वॉर्ड, लॉक अँड टायलर या प्रकाशकांना विकले. मिसेस बीटन हे नाव आता विक्रीचा माल होतं. लेखिका हयात नाही, हे डांगोरा पिटून सांगण्यात कुणाचाच फायदा नव्हता. आवृत्त्या निघत राहिल्या, इतरांनी मजकूर घातला, काढला, फुगवला. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात पुस्तक दोन हजार पानांच्या वर गेलं होतं, आणि वाचकांच्या डोळ्यांसमोर काळ्या पोशाखातली, पन्नाशी उलटलेली, करड्या नजरेची बाई उभी राहत होती.

त्यामुळे मिसेस बीटन यांनी अमुक सांगितलं आहे, असं कुठेही दिसलं की आधी आवृत्ती बघावी लागते. ‘आधी ससा पकडा’ हे सशाच्या कृतीची सुरुवात म्हणून त्यांच्या नावावर खपणारं वाक्य तर त्यांच्या पुस्तकात नाहीच. १८६१च्या मूळ आवृत्तीत चव्वेचाळीस प्रकरणं आहेत आणि सलग क्रमांक दिलेले २७५१ परिच्छेद. त्यातही शेवटचे वैद्यक आणि कायद्याचे परिच्छेद दुसऱ्यांचे, कृती बहुतांशी उसन्या. स्वतः केलेल्या गोष्टीबद्दल बाई बोलतात ते १६५व्या परिच्छेदाखालच्या टिपेत, आणि तिथेही स्वतःला ‘संपादिका’ म्हणून तृतीयपुरुषात : आठ-नऊ गॅलन, डझनभर घरं, आणि सूप लोकांना आवडलं असं मानायला जागा आहे.